पाचवीचं ‘परिसर अभ्यास, भाग दोन’: दप्तरातलं सगळ्यात कमी उघडलं जाणारं पुस्तक

पाचवीच्या वर्षाला लागणाऱ्या गोष्टींबद्दल लोक भरभरून लिहितात. शिष्यवृत्तीचं कोणतं गाईड घ्यावं, नवोदयसाठी कोणता क्लास चांगला, सराव चाचण्या कुठल्या ॲपवर जास्त मिळतात. पण ज्या पुस्तकांवर मुलांचं अख्खं वर्ष उभं असतं, त्या बालभारतीच्या संचाबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या मला सापडल्या नाहीत. माझ्या लेकीची पाचवी आत्ताच संपली. तिच्याबरोबर हा संच मीही पानन् पान वाचलाय, म्हणून लिहितेय.

मी संगमनेरला राहते. घरी पापड, कुरडया, लोणची करून विकते. शिक्षण बारावीपर्यंत. लेक मराठी माध्यमात, आणि पुस्तकं शाळेतूनच फुकट मिळाली. पण ज्यांना विकत घ्यावी लागतात त्यांनाही सांगते, या संचाइतकं स्वस्त आणि मोलाचं तुम्हाला बाजारात दुसरं काही मिळणार नाही. आणि त्या संचातही ‘परिसर अभ्यास, भाग दोन’ हे बारीकसं इतिहासाचं पुस्तक सगळ्यात वरचढ आहे. ते मुलांच्या हातात खऱ्या अर्थाने पडतच नाही, ही माझी तक्रार आहे.

का पडत नाही, ते आधी सांगते. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवी प्राथमिक. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा अजून चौथीपर्यंतच आहेत, त्यामुळे पुष्कळ मुलं पाचवीला नव्या शाळेत, नव्या बाईंसमोर जाऊन बसतात. त्यात २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा चौथीवरून पाचवीवर आली. दोन पेपर, १५० प्रश्न, ३०० गुण. विषय भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. नवोदयची प्रवेश परीक्षाही पाचवीतच. तिथे ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा. दोन्हीकडे परिसर अभ्यासाला जागाच नाही. मग काय होतं? जून उजाडला की गणित आणि बुद्धिमत्तेचे तास वाढतात आणि परिसरचं पुस्तक दप्तराच्या तळाशी जातं. आम्ही चौकशीला गेलो होतो त्या एका क्लासमध्ये मला सरळ सांगण्यात आलं, “ताई, परिसरचं काय एवढं, वार्षिकच्या आधी आठ दिवस बघितलं तरी होतं.” मला ते ऐकून वाईट वाटलं. दहा वर्षांचं मूल ‘आपण कुठून आलो’ हे ज्या पुस्तकातून शिकणार, ते आठ दिवसांत उरकायचं?

वार्षिक परीक्षेतही त्याला थोडीच जागा आहे. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा आणि पासाला ३५ टक्के, म्हणजे १८ गुण. परिसर अभ्यासाचे भाग दोन, पण विषय एकच, गुणही एकत्रच. भाग एकमध्ये २५ पाठ आहेत. त्यांच्याशेजारी इतिहासाच्या दहा पाठांच्या वाट्याला किती येणार?

आता पुस्तकाकडे येते.

चौथीत मुलांनी शिवछत्रपतींचा इतिहास वाचलेला असतो. अफझलखान, पन्हाळगड, आग्र्याहून सुटका, सगळं तोंडपाठ. त्यामुळे पाचवीचं पुस्तक उघडल्यावर माझ्या लेकीने पहिल्यांदा विचारलं, “आई, यात राजा कुठेय?” या पुस्तकात राजा नाही. पहिलाच पाठ ‘इतिहास म्हणजे काय?’. भूतकाळात काय घडलं ते आपल्याला कशावरून कळतं, पुरावा कशाला म्हणायचं, तो तपासायचा कसा, इथून सुरुवात. मग काळ कसा मोजायचा. मग पृथ्वीवरचे सजीव, उत्क्रांती, माणसाची वाटचाल, दगडाची हत्यारं, निवाऱ्यापासून गाव-वसाहतीपर्यंतचा प्रवास, शेती, आणि शेवटी नगरं. मला स्वतःला शाळेत हे असं सलग कुणी सांगितलं नव्हतं.

मानवाच्या वाटचालीचा पाठ तर मला फारच आवडला. कुशल मानव, ताठ कण्याचा मानव, शक्तिमान मानव, बुद्धिमान मानव. ही नावं मुलांच्या तोंडात अशी बसतात की विचारू नका. हाताने दगड फोडून हत्यार करणारा तो कुशल. शक्तिमान म्हणजे ज्याला बाहेर निअँडरथल म्हणतात तो, थंडीवाऱ्यात तगलेला, आपली मेलेली माणसं पुरणारा. पुस्तक त्यांना रानटी म्हणून हिणवत नाही. एकेकाने काय कमावलं ते सांगतं: याने हत्यार, त्याने विस्तव, पुढच्याने भाषा आणि चित्र. प्राथमिकच्या पुस्तकाने माणसाबद्दल इतक्या आदराने बोलावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

अडचण आहे ती आकड्यांची. लाखो वर्षं म्हणजे किती, हे मोठ्यांच्याही डोक्यात शिरत नाही. लेकीला वाटायचं, ताठ कण्याचा मानव म्हणजे शिवाजी महाराजांच्या जरा आधीचा कुणीतरी. त्यावर आम्ही काय केलं ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण कुणालाही करता येईल. पापड वाळत घालतो त्या गच्चीवर सुतळीचं रीळ घेऊन बसलो आणि ठरवलं, एक सेंटिमीटर म्हणजे हजार वर्षं. सुतळीचं टोक म्हणजे आज. महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे टोकापासून चार मिलिमीटर. पट्टीवर तेवढं दाखवायला पेन्सिलीला टोक काढावं लागलं. माणूस लिहायला लागला त्याला पाच हजार वर्षं होऊन गेली, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या थोडं पुढे. शेती सुरू झाली ती अकरा-बारा सेंटिमीटरवर. इथवर सगळं एका वितीत मावलं. मग बुद्धिमान मानव, सुमारे तीन लाख वर्षं, म्हणजे तीन मीटर. तिथे पिवळा दोरा बांधला. आणि कुशल मानवासाठी वीस लाख वर्षं धरली तर वीस मीटर! गच्ची संपली, सुतळी जिन्यावरून खाली अंगणात गेली, तुळशीला वळसा घालून फाटकाशी पोचली. लेक फाटकात उभी राहून वर गच्चीकडे बघत होती. “आई, म्हणजे एवढा सगळा वेळ फक्त दगड?” हो, बाळा. एवढा सगळा वेळ दगड, आणि शेवटच्या वितीत शेती, गावं, राजे, रेल्वे, मोबाइल.

मोजणीचं हे गणितही तिला पाचवीच्याच पुस्तकाने दिलंय. संख्याज्ञानाच्या पाठात लाख, दशलक्ष, कोटी. दशांश अपूर्णांकात मिलिमीटर-सेंटिमीटर. विषय कसे एकमेकांच्या हातात हात घालून चालतात ते या वर्षी दिसतं. फक्त ते दाखवणारं कुणीतरी बाजूला बसलेलं हवं.

आमच्यासाठी या पुस्तकाची आणखी एक गंमत आहे. संगमनेरहून जोर्वे जवळच. १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, तोटीची भांडी मिळाली. तांब्याच्या कुऱ्हाडीही निघाल्या. पुढे तशीच भांडी महाराष्ट्रात ठिकठिकाणी सापडली आणि त्या सगळ्या लोकांच्या जगण्याला ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळालं. ज्या गावावरून आपण एसटीने जातो, त्याचं नाव इतिहासकारांच्या तोंडी आहे हे आमच्याकडच्या किती मुलांना ठाऊक असेल? प्रवरेच्याच काठी दायमाबाद आहे, तिथे १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस मिळाली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव. तिथले लोक तीन हजार वर्षांपूर्वी सातू पिकवत, पाण्यासाठी बांध घालत, आणि लहान मूल गेलं तर त्याला दोन मडकी तोंडाला तोंड लावून घरातच जमिनीखाली पुरत. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे त्यांना ते लांब न्यायचं नव्हतं.” हे उत्तर कुठल्याही गाईडमध्ये मिळणार नाही.

राज्यभरासाठी एकच पुस्तक असल्यावर त्यात प्रत्येक तालुक्याची जागा येणार नाही, हे मला मान्य आहे. ते काम घरच्यांनी आणि शाळेने करायचं. नाशिकवाल्यांना गोदावरीकाठचं गंगापूर आहे, जळगावकडच्यांना पाटणे आहे, जिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर कोरलेली नक्षी सापडली. पाठ वाचून झाल्यावर आपल्या जिल्ह्याचं नाव शोधा, एवढीच माझी विनंती.

सासूबाई आमच्या वाचनात अधूनमधून येऊन बसायच्या. नवाश्मयुगाच्या पाठात धान्य भरडायच्या दगडांचा विषय निघाला तेव्हा त्या उठल्या आणि माडीखालचा जुना पाटा-वरवंटा ओढत घेऊन आल्या. लेकीला म्हणाल्या, “हे घे तुझं अश्मयुग. माझ्या सासूचं आहे, टाकी मारली की अजून चटणी वाटेल.” त्या दिवशी शेंगदाण्याची चटणी पाट्यावर झाली. लेकीने स्वतः वाटली आणि मनगट दुखायला लागल्यावर तिला समजलं की शेती सुरू झाली म्हणजे बायकांचं कामही वाढलं असणार. हे पुस्तकात नाही, पण त्या वाचण्यातून आलं.

खटकलं तेही सांगते. भाषा काही ठिकाणी जड आहे. पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग हे एका पाठोपाठ एक आलं की मूल गांगरतं. मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय भागत नाही. पाठाखालच्या स्वाध्यायात रिकाम्या जागा भरा, एका वाक्यात उत्तर लिहा असले प्रश्न जास्त आहेत. मग मुलं नावं घोकतात आणि मूळ गोष्ट हातची जाते. जे पुस्तक पुरावा तपासायला सांगून सुरू होतं, त्याने मुलांपुढे एखादं खापर ठेवून ‘यावरून काय सांगता येईल?’ असंही भरपूर विचारायला हवं होतं.

भाग एक हे मोठं पुस्तक. सूर्यमालेपासून सामुदायिक आरोग्यापर्यंत सगळं त्यात भरलंय. सगळ्यावर लिहीत बसत नाही. ‘नकाशा: आपला सोबती’ चांगला आहे, ‘संसर्गजन्य रोग’ प्रत्येक घरात वाचावा असा. ‘आपले भावनिक जग’ हा पाठ मात्र सोडू नका. राग, भीती, हेवा यांचं काय करायचं, हे आपल्या पिढीला कुणी वहीत लिहून दिलं नव्हतं. नव्या शाळेत बुजलेल्या मुलाला त्याचा आधार वाटतो, आमच्याकडे वाटला.

‘अन्न टिकवण्याच्या पद्धती’ हा पाठ मी माझ्या धंद्याच्या नजरेने वाचला. अन्न नासतं ते सूक्ष्मजीवांमुळे, आणि वाळवणं, उकळणं, थंड ठेवणं, हवाबंद करणं, मीठ-साखर-तेल घालणं हे त्यावरचे उपाय, हे नीट सांगितलंय. पण ‘का’ हा प्रश्न मुलाच्या मनात उभा राहतो तिथे पाठ जरा घाईने पुढे सरकतो. लेकीने विचारलं, “मिठाने जंतू मरतात का?” मी तिला कैरीच्या फोडींना मीठ लावून परात तिरकी ठेवायला सांगितली. तासाभरात परातीच्या काठाशी पाणी साठलं. मीठ पाणी ओढून घेतं, फोडीतलंही आणि जंतूंमधलंही, आणि पाण्याशिवाय त्यांची वाढ होत नाही. लोणच्यावर तेलाचा थर तरंगता का ठेवायचा, तर खालच्या फोडींना हवा लागू नये म्हणून. ओला चमचा बरणीत घातला की बुरशी का धरते, कुरडयांना कडक उन्हं दाखवल्याशिवाय मी डबा का भरत नाही, सगळं त्या एका परातीवरून तिला उलगडलं. घरात वाळवण करणाऱ्या प्रत्येक बाईने हा पाठ मुलांना आपल्या हातांनी शिकवावा. शिक्षिकेला चाळीस मुलांच्या वर्गात ते दाखवणं अवघड. आपल्याला सोपं आहे.

गणिताचं पुस्तक भरवशाचं आहे. रोमन अंकांनी सुरू होतं, बीजगणिताच्या पूर्वतयारीशी थांबतं. मधे कोन, वर्तुळ, परिमिती, क्षेत्रफळ. या वर्षाचा खरा कणा म्हणजे अपूर्णांक आणि दशांश. ते इथे पक्कं झालं नाही तर सहावी-सातवीत मूल रडतं, हे शेजारपाजारच्या मोठ्या मुलांवरून दिसतंच. पुस्तकात समजावणं सावकाश आहे, पण सराव अपुरा पडतो. मग पालक गाईडकडे धावतात, ते मला कळतं. मी लेकीला पाकिटांवर वजन लिहायला बसवायची: पाव किलो म्हणजे ०.२५, अर्धा म्हणजे ०.५, तीन पाव म्हणजे ०.७५. ऑर्डरी तिनेच बेरजा करून जुळवल्या. तिचा हिशोब आता माझ्यापेक्षा चोख आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

मराठी, इंग्रजी आणि याच वर्षी सुरू झालेली हिंदी यांबद्दल एवढंच सांगते की कविता मोठ्याने म्हणून घ्या आणि इंग्रजीचं पुस्तक रोज एक पान वाचा. त्यात विशेष अडचण आली नाही.

पुस्तकाच्या बांधणीबद्दल थोडं. मधे दोन वर्षं सगळे विषय एकत्र करून चार भागांत पुस्तकं दिली होती, वहीची कोरी पानंही आत होती. दप्तर हलकं व्हावं म्हणून ते केलं होतं. पण त्यात इतिहासाचे पाठ चार तुकड्यांत विभागले गेले होते. २०२५-२६ पासून पुन्हा विषयवार पुस्तकं आली आणि मला त्याचा आनंद झाला. ही माणसाची गोष्ट सलगच वाचायला हवी. कागद बरा आहे, चित्रं रंगीत आहेत, पण हत्यारांची चित्रं आणखी मोठी हवी होती. क्यूआर कोड आहेत. आमच्याकडे रेंज असेल तेव्हा उघडतात.

शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय झालाय. चौथीच्या मुलांवर त्याने काय ओझं पडेल तो वेगळा विषय. पण पाचवीच्या वर्षात त्यामुळे जी जागा मोकळी होईल ती पुन्हा कुठल्या तरी सराव चाचणीने भरू नका, असं मी सगळ्या पालकांना आणि शिक्षकांना कळकळीने सांगते. आठवड्याला एक तास या दहा पाठांना द्या. जवळच्या नदीकाठी मुलांना न्या, फुटलेल्या गारगोट्या गोळा करू द्या, त्यांच्या कडांना धार कशी असते ते बोट जपून लावून बघू द्या.

इंग्रजी माध्यमात किंवा परदेशात मुलं असलेल्या मराठी घरांनाही हे पुस्तक मी सुचवीन. मराठीतून विज्ञान आणि इतिहास एकत्र वाचायला यासारखं दुसरं साधन मला माहीत नाही. बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ फुकट मिळते. छापील घ्यायचं असेल तर बालभारतीच्या भांडारात किंवा गावातल्या पुस्तकाच्या दुकानात ‘इयत्ता पाचवी, परिसर अभ्यास, भाग दोन’ असं पूर्ण नाव सांगा, नाहीतर दुकानदार हमखास भाग एक काढून देतो. जुनी, वापरलेली प्रतही चालते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एकेका इयत्तेची पुस्तकं बदलत चालली आहेत. हे बदलायच्या आत एक प्रत घेऊन ठेवा. आमची मी रद्दीत देणार नाही, धाकटा आत्ता दुसरीत आहे.